झीज

वजनमापे खात्यात मी शिपाई होतो, एकोणतीस वर्षं.
साहेबांच्या मागे पेटी उचलायची, एवढंच काम.
आत निळ्या मखमलीत पितळी वजनं,
किलोपासून उतरत उतरत
शेवटी चिमट्यानं धरायचा पत्र्याचा एक कपटा,
कोणी शिंकलं तर सापडणार नाही असा.
हात लावायचा नाही.
हाताच्या घामालाही वजन असतं, साहेब म्हणायचे.

सावरटोल्याच्या बाजारात चिंचेखाली टेबल लागायचं.
आम्ही येतोय हे आमच्याआधी पोचलेलं असायचं.
रॉकेलनं घासलेली वजनं रांगेत, उपडी,
बुडाशी शिशाची गोळी,
गोळीवर यंदाच्या सालाचा ठोका.
ठोका पडताना मुनाफ तागडीवाला डोळे मिटायचा,
घरच्या लेकराचे कान टोचतात तसा.

गुलाबचंदाचा काटा दरसाल पास.
दांडी सरळ, काटा मधोमध,
पासंग नाही, पारड्याखाली चिंच चिकटवलेली नाही.
आणि मी त्याला मोहफुलं घेताना पाहिलं आहे:
रानातून आलेली बाई टोपली रिती करते,
वर बघत नाही,
तेव्हा त्याची करंगळी दोरीला टेकते,
माशी टेकते तेवढीच.
बोटावर शिक्का मारायची तरतूद कायद्यात नव्हती.

मासोळीच्या टोकाला अंतकलाबाई नान्हे.
बांबूची दांडी, दोन टोपल्या, सुताची दोरी,
आणि वैनगंगेतला एक काळा दगड,
सासूनं मुनाफच्या बापाकडून जुळवून घेतलेला.
"आद्धा किलो हाय, साहेब."
"दगड चालत नाही, बाई."
"चालते ना. चाळीस साल झाले, चालूनच रायला."

पेटी उघडली.
दगड इकडे, पितळ तिकडे.
पितळ खाली गेलं.
साहेबांनी दगडाच्या बाजूला दहा ठेवलं, मग पाच, मग दोन.
काटा उभा राहिला.
चहावालाही स्टोव्ह सोडून आला होता.
साहेबांनी लिहिलं: दगड, नग एक. सतरा ग्रॅम कमी. जप्त.

तिला नवल वाटलं नाही.
"झिजते ना बापा तो. दर बाजारी राखेनं घासला जाते.
म्हणून तं वरतून चार झिंगे पडते माह्या हातानं.
झिजीचे."
मरळ घ्यायला थांबलेल्या दोघा-तिघांनी मान हलवली,
हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.
झिंग्यांसाठी रकाना नव्हता.
तिनं पावतीवर अंगठा उठवला,
शाईसोबत माशाचा एक खवलाही चिकटला कागदाला.
मी दगड उचलला,
तशी तिनं पळसाच्या पानात चार झिंगे ठेवले माझ्या हातावर:
"हे बी न्या. त्याच्या संगंचे हायेत."

रात्री विश्रामगृहात साहेब घोरत होते.
कंदील लहान केला, पेटी उघडली.
का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.
चार झिंगे पारड्यात ठेवले.
एकोणीस.
पुन्हा ठेवले.
एकवीस.
ओले होते, मेले, आणि माझे हातही ओले.
तिसऱ्यांदा मोजले नाहीत.

सकाळी साहेबांनी पेटीला नाक लावलं.
"कुठं ठेवली होती ही?"
"जीपमध्ये, साहेब."
मखमलीचा तो वास पावसाळाभर गेला नाही.

पुढच्या साली तिच्यापुढं लोखंडी वजन,
बुडाशी गोळी, गोळीवर ठोका,
पाचशे म्हणजे पाचशे.
साहेब खूश.
एक म्हातारा मात्र तिच्याशी भांडत होता, टोपली धरून:
माल कमी दिसते, अंतकला,
वरचे झिंगे कुठं गेले?

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही.
मरळ कापता कापता म्हणाली,
"ते सरकारनं नेले. पेटीत."