अकरा ओळींचा दगड

दगड आणला पाटण्याच्या डोंगरातून.
सहा बैल जुंपले होते; एक डोंगरीच्या पाण्यात बसला,
तो उठलाच नाही.
राऊतांच्या हिशेबात तो धर्माखाली लागला.

माझे काम टाकीचे. वाचता मला येत नाही.
भट गेरूने अक्षर ओढतो, मी त्याच्या मागून जातो,
नांगरामागून बगळा जातो तसा.

अकरा ओळी.
पहिलीत देव, दुसरीत राजाची बिरुदे,
तिसरीपासून आल्हण राऊत,
त्यांचा बाप, बापाचा बाप, कुणी एकाने लोळवलेला हत्ती
(गिरणेकाठी हत्ती कुणी पाहिला नाही),
मग दोघे लेक, मैळुगी आणि सामल,
एका पंगतीला बसत नाहीत
ते एका ओळीत बसवले.
मग तापीपलीकडची पाच गावे
झाडांसकट, विहिरींसकट, शिवेवरच्या वारुळांसकट
देवाला दिली.
खाली गाढव, हे मोडील त्याच्यासाठी.
वर चंद्र-सूर्य: ते असतील तोवर हे.

दिवेलागणीला उदाइसा आल्या, राऊतांच्या बाई.
भटाने सगळे वाचून दाखवले.
त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.
"अन् मन्ही आंडेर?"
भट म्हणाला, जागा नाही.

ती पाच गावे आली तीच मुळी वेल्हाच्या बदल्यात.
नऊ वर्षांची. थाळनेरच्या घाटावर
नावेत चढताना हातातून एक बांगडी काढून म्हणाली,
मोठी होते, पाण्यात पडेल, तू ठेव.
लाखेची. काठाला टवका गेलेली.
नंतर तिकडून निरोप एकच आला,
तोही घोड्यांबद्दल.

बाईंनी बांगडी माझ्या टाक्यांशेजारी ठेवली
आणि निघून गेल्या.

चंद्राची सगळे कोर काढतात.
मी बांगडी दगडावर पालथी घातली,
कोळशाने भोवती रेघ ओढली.
पुरा चंद्र. टवक्याच्या जागी टवका.

राऊत पाहायला आले. मागे दोघे लेक,
मध्ये एक घोडे जाईल एवढी जागा सोडून.
राऊतांचा हात ओळींवरून वर वर गेला,
बिरुदांवर न रेंगाळता,
चंद्राशी थांबला.
बोट त्या खाचेत बसले, तिथेच राहिले.
"टाकी घसरली काय रे?"
"होय, धनी."

मजुरीतली मणभर ज्वारी कापली.
दगड मात्र तोच उभा केला.