प्रात्यक्षिक

बिराजदार सरांनी शिकवलं होतं:
दार उघडलं की आधी चप्पल काढायची,
चप्पल काढलेल्या माणसाला कुणी लगेच जा म्हणत नाही.
मग नाव विचारायचं आणि प्रत्येक वाक्यात एकदा घ्यायचं,
देवाला फूल वाहिल्यासारखं.
मग पाणी मागायचं.
तहान लागली म्हणून नव्हे.

लातुरात, खाडगाव रोडच्या मागच्या गल्लीत, दुपारी दोनला
मी प्रयागबाई सोमवंशींच्या ओट्यावर चप्पल काढली.
टाय गळ्याला चिकटलेला,
महिन्याचे सहा दिवस उरलेले
आणि विकायची नऊ मशिनं.

त्यांनी तांब्या-भांडं आणलं.
काचेचा ग्लास असेल तर बरं, प्रयागताई, मी म्हटलं.
त्यांनी फळीवरचा ग्लास काढला, पदरानं पुसला, भरला.
मी त्यात दोन सळ्या सोडल्या, वायर बोर्डात खोचली
आणि सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो.
दीड मिनिट. गिऱ्हाइकाला बघू द्यावं.

पाणी आधी पिवळं झालं, मग गढूळ,
मग तळाशी तपकिरी साका फिरू लागला.
"बघा प्रयागताई, हे तुमची मुलं पितात."

गंज सळ्यांचा असतो.
ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी जेवताना कळलं होतं.
सगळे हसले होते. मीही.

त्या ग्लासाकडे बघत राहिल्या.
"नळ कधी येतो, इचारलास का?"
नव्हतं विचारलं.
"आठव्या दिवशी. आता दोन घागरी अन् हा तांब्या हाय.
त्यातलं एक गिलास तू नासवलास.
हे कोण पिणार आता?"

माझ्या खिशात उत्तरांचा कागद होता.
महाग आहे: रोजचे फक्त तेवीस रुपये.
मालकांना विचारते: घरच्या खऱ्या मालकीण तर तुम्हीच.
नंतर बघू: ऑफर उद्या संपते.
हे कोण पिणार, याच्यापुढे काही छापलेलं नव्हतं.

मग त्याच विचारू लागल्या,
मेथी निवडावी तशा, एकेक काडी.
किती पाणी लागतं याला?
एक लिटर गाळायला तीन वाहून जातं,
मी म्हटलं, नाव न घेता.
लाइट नसली तर? बंद.
आतलं बदलायला? वर्षाला साडेतीन हजार.
त्या हसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"मंग सात दिवस हे काय करंल, बाळा?
भिताडावर बसून माझ्याकडं बघंल."

सळ्या पुसताना बोटं काळी झाली.
हात धुवायचेत, असं म्हणवलं नाही.
ग्लास त्यांनी मोरीत ओतला नाही,
तेलाच्या डब्यात लावलेल्या ओव्याच्या रोपाला घातला,
हळूहळू, साका तळाशी राहील असा.

"औसा रोडला माझी नणंद मेस चालवती.
चाळीस पोरं, बोअरचं पाणी, पातेल्याला पांढरा थर.
तिकडं जा.
पण हे सळ्याचं नाटक नेऊ नको."

गेलो. पातेली बघितली. दोन तास ऐकलं,
त्यातला दीड तास पाण्याबद्दल नव्हताच,
भाड्याबद्दल होता, आणि पळून गेलेल्या आचाऱ्याबद्दल.
तिनं दोन घेतली.
महिनाअखेर सात कमी पडली, ती पडलीच.
बिराजदार सर फळ्याकडे तोंड करून बोलले,
माझं नाव प्रत्येक वाक्यात घेऊन.

आता चप्पल पायातच असते, मी उंबऱ्याबाहेर.
आधी नळाचा वार विचारतो.
काही घरांत तेवढंच विचारून, बरं येतो, म्हणतो.
दाखवायची वेळ आलीच तर बॅगेत बाटली असते,
घरून भरलेली.

तरी एखादी बाई बोलता बोलता
फळीवरचा ग्लास काढते,
पदरानं पुसू लागते,
आणि मला
खरंच तहान लागते.