खोड किती जाड

पत्र आलं मेच्या अखेरीस :
घराभोवती पन्नास मीटर झाडी साफ करा,
वणव्याचे दिवस आलेत, नाहीतर दंड.
पत्र वडिलांच्या नावानं होतं.
ते जाऊन अकरा वर्षं झाली.

ओउरेन्सेच्या दुकानात एलादिओनं विचारलं,
"चढ किती? खोड किती जाड?
आत दगड? तार?"
मी म्हटलं, हिरवं आहे. खूप हिरवं.
तो हसला नाही.
शहरातून आलेली अशी माणसं
त्याला आठवड्याला चार भेटत असतील.

मग घोडी दाखवावी दात उघडून
तशी त्यानं यंत्रं दाखवली.
ही दोरीची, गवतापुरती.
तोशोच्या काट्यांना लावलीत
तर दोरी संपेल, तोशो नाही.
ही तीन दात्यांची पाती, अंगठ्याएवढ्या खोडाला चालते,
पण दगडाला लागली की खांद्यातून झटका देते.
आणि हे चाकांचं, पोटात हातोड्या,
मनगटाएवढ्या खोडाचा भुगा करतं.
तार गिळली की मात्र तिथेच बसकण.
आणि फार उतारावर
तुम्ही त्याला चालवत नाही, ते तुम्हाला.

"शेळ्या?" मी विचारलं.
"शेळ्या उत्तम. पण शेळ्यांना
रोज इथे असणारं माणूस लागतं."

काही न घेता परतले.

वडिलांचे बूट, दोन नंबर मोठे, मोज्यांवर मोजे.
काठीनं ठोकत आत शिरले.
माती. माती. दगड.
इथे द्राक्षांचा मांडव होता : तार गंजून लाल,
काटेरी वेलीत वेलीसारखीच गुंतलेली.
इथे फाटक, म्हणजे जुन्या पलंगाची स्प्रिंगांची जाळी.
आई सांगायची, मी त्याच पलंगावर जन्मले.
चेस्टनटची दोन झाडं, मांडीएवढी,
कुणीच न लावलेली.
आणि सेर्वान्दोचं रान लागतं त्या अंगाला
काठी वाजली ती घडवलेल्या दगडावर.

बावीस वर्षं आमची दोन घरं
या दगडापायी बोलत नव्हती.
त्यानं बांध कोरला, वडील म्हणायचे,
दर रविवारी, सूप निवायच्या आत.

मी पावलं मोजली. पुन्हा मोजली.
दगड आमच्या घराकडे होता,
वडील बोट दाखवायचे त्याच्या नऊ पावलं अलीकडे.
उकरून पाहिलं. दोन्ही कुशींना
एकाच दगडाचे दोन तुकडे पुरलेले,
जोडले की केसाचीही फट न राहणारे.
आमच्याकडे त्यांना साक्षीदार म्हणतात.
दगड हलवणारा त्यांना विसरतो.
इथे कुणी काही हलवलं नव्हतं.

सोमवारी एलादिओला सांगितलं :
चढ अठरा अंश, ओढ्यापाशी तीस.
खोड बहुतेक अंगठा, थोडी मनगट.
तार आहे, कुठे ते ठाऊक आहे.
त्यानं कानावरचं पेन काढलं.
चाकांचं दोन दिवस भाड्यानं, वरच्या सपाटीला.
तीन दात्यांची विकत. तोंडावर जाळी. हातमोजे.
आणि लांब दांड्याचा एक विळा.
"हा कशाला?"
"नऊ पावलांसाठी."

आवाज ऐकून तिसऱ्या दिवशी सेर्वान्दो आला,
पलंगाच्या फाटकाशी उभा राहिला.
टोपी, काठी, वय अठ्ठ्याहत्तर.
मी यंत्र बंद केलं. कानात ते चालूच राहिलं.

"पेट्रोलात तेल किती टाकतेस?"
"पन्नासाला एक."
"वासावरून जास्त वाटतंय."

दगडाचं मी बोलले नव्हते.
कसं सुरू करावं ते सुचेना,
म्हणून विळा पुढे केला.
त्यानं अंगठ्यानं धार पाहिली,
तोंड वाकडं केलं, खिशातून निसणा काढून
दोन हात मारले,
आणि छातीएवढ्या काट्यांत शिरला,
कुठेही न ठोकता, न चाचपता,
सरळ दगडाकडे.