पिशवी क्रमांक चारशे सतरा

फाटकाशी पहाटेच नेलिदा ग्वाकिंचाई
पिशव्या वाटायला बसते.
एक कचऱ्याची. दुसरीचं नाव घेतलं की
कुणी हसतं, कुणी बुटांकडे बघतं.
"हो, तेच. तेसुद्धा खाली यायचं.
वर काही कुजत नाही, साहेब.
माशी नाही, गांडूळ नाही,
संत्र्याची सालही तिथं म्हातारी होत नाही."

पिशवीवर आकडा, आकडा वहीत, वहीत सही.
मग एलीसेओ खेचरांवर सामान आवळतो,
गाठ अशी मारतो
की खेचराला कळावी, मालकाला नाही.

पंधरा दिवसांनी तीच माणसं परततात,
ओठ फुटलेले, नाकाची सालं निघालेली,
चष्म्याच्या जागी दोन पांढरी वर्तुळं.
त्यांना वाटतं, आता कुणीतरी विचारेल
शिखर झालं का.
नेलिदा म्हणते, "काट्यावर ठेवा."

चारशे सतराचं वजन भरलं
चार किलो दोनशे.
शाबास म्हणणार होती ती,
पण पिशवी ठेवताना वाजली.
कचरा असा वाजत नाही.
कचरा कुरकुरतो, चुरचुरतो,
डब्यांचा असला तर किणकिणतो.
हे काहीतरी जड आणि गप्प होतं.

गाठ सोडली.
आत पाच दगड.
चार तांबूस, तळाच्या छावणीजवळचे.
पाचव्यात हिरवी शीर.
तो कुठला, हे तिला न विचारता कळलं.
तेविसाव्या वर्षी ती तिथवर गेली होती,
दोराला बांधलेलं एक माणूस उतरवायला.

पोरगा बरा होता. डोळे खाली घालून बोलला.
वादळ होतं, म्हणाला, बोटं लागत नव्हती,
तंबूतच राहिलं सगळं,
डबे, गॅस, ती दुसरी पिशवीही.
खरंच असेल.
त्या उंचीवर माणूस आपल्यालाच ओळखत नाही.
तिनं मान हलवली
आणि पावतीपुस्तक उघडलं.

"दंड दोन. वर टाकलं त्याचा एक,
खाली आणलं त्याचा एक."

"दगडांचा?" तो म्हणाला. "अख्खा डोंगर दगडांचाच आहे!"

"आहे ना," नेलिदा म्हणाली,
आणि कार्बन नीट सरकवला.

तिनं सांगितलं नाही
की इथून खाली दीड दिवसाच्या वाटेवर
तिच्या भावाचा द्राक्षमळा आहे,
मंगळवारी रात्री दोनला त्याची पाण्याची पाळी येते,
तो कंदील घेऊन पाटाची फळी उचलतो
आणि येतं ते हेच,
वरचं, वितळलेलं.
आई त्याच पाण्यावर माते उकळते,
गाळायची तिला सवय नाही.
सांगितलं असतं तर त्यानं
ते वहीत टिपून घेतलं असतं, गोष्ट म्हणून.

संध्याकाळी सोंदा सुटला, गरम, धुळीचा.
एलीसेओ जीन उतरवून आत आला,
खिडकीत मांडलेले दगड बघितले.
"कुणाचे?"
"वरचे."
पुढे काही विचारलं नाही त्यानं.
चार तांबूस दगड थैलीत टाकले.
दुसऱ्या दिवशी सगळ्यात बुटक्या खेचरावर
कुणाची तरी घडीची खुर्ची, कॉफीचं यंत्र,
आणि खाली, घामाच्या कातड्याशी, ते चार.

वहीत असल्या सामानाला रकाना नाही.
नेलिदानं समासात लिहिलं:
खेचर एक. वर नेले, दगड चार.
सहीच्या जागी नुसती रेघ.

पाचवा मात्र राहिला.
खेचरं तळापर्यंतच जातात,
त्याचं घर त्याच्याही खूप वर.
तो खिडकीत असतो, हिरवी शीर बाहेर करून.
रोज सकाळी सही झाली
की ती पिशव्यांसोबत तो पुढे करते.
"एवढं वजन नेणार का? सहाशे ग्रॅम."

लोक दगड हातात घेतात,
उलटसुलट करून बघतात,
बहुतेकजण फोटो काढतात
आणि परत ठेवतात.