प्रश्न उद्भवत नाही

खासदार व्हायच्या आधी मी दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो,
एकोणीस वर्षं.
पहाटे कॅन उघडायचा, नमुना घ्यायचा,
फॅट लावायची, वहीत आकडा.
पाणी घातलेलं दूध
मशीनच्या आधी बोटांना कळतं.

आता माझ्याकडे उत्तरं येतात,
गुळगुळीत कागदावर, शिक्का मारून:

(अ) उपकेंद्रात परिचारिका आहे काय?
पद मंजूर आहे.
(ब) धनगरवाड्यापर्यंत रस्ता आहे काय?
वन विभागाचा अभिप्राय प्रतीक्षेत आहे.
(क) श्रीमती धोंडूबाई विठू झोरे यांना घरकुल मिळाले काय?
स्थळपाहणीत घर आढळून आले नाही.
(ड) नसल्यास, विलंबाची कारणे काय?
प्रश्न उद्भवत नाही.

मी बोट बुडवून पाहिलं.

शून्य प्रहरात तीन मिनिटं असतात,
मला दोन मिळाली.
गावच्या चावडीत मी बोलायला उठलो
की लोक तंबाखूची चंची उघडून ऐसपैस बसायचे.
इथं माईक बंद झाला तेव्हा
मी डोली या शब्दावर होतो.
पोटुशी बाई, चार गडी, घोंगडं बांधलेला बांबू,
अडीच तास उतार,
एवढं सगळं त्या शब्दाच्या पुढं होतं.
समोरच्या बाकावरचे दोघे हसले.
त्यांच्या भाषेत डोलीतून
नवरी जाते.

अधिवेशन संपल्यावर गगनबावड्याकडं निघालो.
सावतेवाडीच्या पाराजवळ गाडी थांबली,
एसटीसुद्धा तिथूनच वळते.
पुढं जांभा, कारवी, ग्रामसेवक खोराटे,
आणि माझा दम.
खोराटे सांगत होता,
"साहेब, वर रेंज नाही.
फोटो वर काढला आणि खाली,
धरणाच्या काठाला येऊन चढवला."
मग त्यानं फोन पुढं केला.
सगळा पडदा निळा,
आणि निळ्याच्या मधोमध
धोंडूबाईचं घर,
लाल टिंब.

घर होतं तसं होतं.
कुडाची भिंत, ताजी सारवलेली,
एक पत्रा नवा, बाकीचे दगडाखाली.
दारात म्हैस, तिला माझं काही कौतुक नव्हतं.
मी उत्तर वाचून दाखवलं, अ पासून ड पर्यंत,
सभागृहात वाचतात तसं,
मान वर न करता.

म्हातारीनं सगळं ऐकलं.
टिंब बघितलं.
म्हणाली, "पान्यात घर हाय म्हनतासा,
मग नाव द्या की."
खोराटे घाईनं म्हणाला, "नाव आहे आजी,
यादीत आहे, ड यादीत."
"ती न्हवं रं,
वल्हवायची."

पहिल्यांदा तीच हसली,
मग तिची सून, मग खोराटे, मग मी.
हसताना मला पत्र्याचं भोक दिसलं,
त्यातून ऊन सरळ चुलीवर पडलं होतं.

चहा आला. सगळा दुधाचा.
सवयीनं बोट बुडवणार होतो.
सून बघत होती.
नुसता प्यालो.

उतरताना उपकेंद्र लागलं.
कुलूप जुनं, कडी नवी,
व्हरांड्यात कुणीतरी मिरच्या वाळत घातलेल्या.
खोराटे म्हणाला, "बाईंची बदली झाली,
दुसऱ्या बाई अजून हजर व्हायच्यात."
मी विचारलं, "कधीपासून?"
तो मिरच्यांकडे बघत राहिला.

कोल्हापुरात पोचायला रात्र झाली.
ऑफिसातल्या पोराला घरी पाठवलं,
आणि सरकारी उत्तराच्या पाठकोऱ्या बाजूवर
पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न लिहायला घेतला:

(अ) सदर घराच्या चुलीवर
गेल्या सोमवारी दुपारी चहा झाला,
हे खरे आहे काय?
(ब) असल्यास, चूल कोणत्या घरात होती?
(क)

इथं बराच वेळ थांबलो.
मग तेवढी जागा सोडून
खाली सही केली.