समासात

इंग्लिश घेऊन बी.ए. करतंस, मंग पुढे काय,
हसुराम मामा विचारायचा प्रत्येक हळदीला,
मटणाच्या पंगतीत, वाढप्याला हाताने थांबवून.
बघू, मी म्हणायचे.
बघू म्हंजी बघतच ऱ्हाशील,
आयटीआयची पोरं रबाल्याला लागली पन.

कॉलेज वाशीचं. तिसरा मजला, बारा मुली, दोन मुलगे,
त्यातला एक स्पर्धा परीक्षेसाठी वेळ काढायला आलेला.
कुरियन मॅडम खुर्चीत कधी बसल्या नाहीत.
निबंध परत यायचा तेव्हा समासात,
हिरव्या शाईने, पाच-सहा ठिकाणी एकच शब्द:
कोण?
'असे मानले जाते', मी लिहिलेलं.
कोण मानतं?
'तिला गप्प करण्यात आले.'
कोणी केलं? नाव घे.
वाक्यात माणूस असतो, त्या म्हणायच्या,
दिसत नसेल तर दाराआड बघा.

मग मी आईचं बोलणं ऐकायला लागले.
कप फुटला. दूध उतू गेलं.
पैसे संपले. थोरलीचं शिक्षण राहिलं.
आमच्या घरात कुणीच काही करत नव्हतं,
सगळं आपोआप होत होतं.

आणि कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत,
आजोबांच्या नावची नोटीस,
घणसोलीच्या खाजणातल्या भातशेताची:
'संपादन करण्यात येत आहे.'
मी पेन्सिलीने, अगदी हलकं, कडेला लिहिलं: कोण?
मग खोडलं.
साडेबारा टक्क्यांच्या फायलीला तो कागद लागणार होता.

आता महापेला नोकरी. कार्डावर टेक्निकल रायटर.
पंपांची माहितीपत्रकं, पिंपांवरच्या सूचना,
हातमोजे घाला, वास घेऊ नका,
डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने.
पगार सांगितला तेव्हा मामा नळी चोखायचा थांबला.
म्हंजी नुसता लिवाचा?
हो.
आनि त्या कविता शिकलीस, त्याचा काय झाला?
तेच तर, मामा. कुठला शब्द काढला
तर बाकीचे पडत नाहीत, ते तिथेच कळलं.

मार्चमध्ये एका मंगळवारी, पावण्याच्या युनिटात,
रात्रपाळीला, सुखदेव राठोड,
ठेकेदाराचा माणूस,
दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.
अहवाल माझ्याकडे आला, भाषा तपासायला.
'झडप उघडी राहिली.
प्रशिक्षण देण्यात आले होते.
हातमोजे वापरले गेले नाहीत.'
व्याकरण चोख. काना-मात्रेची चूक नाही.
जरा गुळगुळीत कर, साहेब म्हणाले, तुझं लिटरेचर ना.
माणूस वाईट नाही.
आई आजारी होती तेव्हा स्वतः गाडी पाठवली होती.

स्क्रीनकडे बघत बसले. चहा गार झाला.
नाही, मी चहा गार होऊ दिला.

ऐरोलीच्या घराचा हप्ता दर पाच तारखेला.
तो कापला जातो, असं बँक लिहिते.

शेवटी टिप्पणीचा चौकोन उघडला, उजव्या समासात.
झडपेपाशी: कोणी उघडी ठेवली?
प्रशिक्षणापाशी: कोणी दिलं, कोणत्या तारखेला, कोणत्या भाषेत?
हातमोज्यांपाशी बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला.
मग लिहिलं: होते का?
आणि पाठवलं. मी.

आज शुक्रवार. उत्तर आलेलं नाही.
साहेब लिफ्टमध्ये भेटले, मोबाइलमध्ये बघत होते.

संध्याकाळी मामाचा फोन.
धाकटीला तुज्यासारखा इंग्लिश लिटरेचर घ्यायचाय,
रडून गोंधळ घातलाय तिने.
नोकरी लागंल का गो त्याने?
लागेल, म्हटलं.
थोडं थांबून म्हटलं,
आणि एखाद दिवशी जाईलही, त्यानेच.
तो म्हणाला, थांब, टीव्ही बारीक करतो,
परत सांग.