वारा वाढलाय

आधी आकडा गेला.
कंटेनरवरच्या सातचा उभा दांडा,
मग शेजारचा शून्य.
ग्दिनिया बंदरात, चाळीस मीटरवर, क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये
मी डोळे चोळले.
चोळून जात नसतं ते,
नऊ वर्षं झाली, माहीत आहे. तरी.

मग करवतीचे दात.
डावीकडून उगवणारे, पेटते, थरथरते,
वेल्डिंगची ठिणगी विझायची विसरावी तसे.
पापण्या मिटल्या तरी
आत पाळी चालूच.

खाली मिरेक हात हलवतो.
हात दिसतो, मिरेक नाही.
टोपी आणि कॉलर यांच्यामध्ये
भोक नाही, काळोख नाही,
समुद्र आहे.
जे दिसत नाही तिथे मेंदू
शेजारचं ठिगळ लावून देतो,
इतकं बेमालूम की मला त्याचीच भीती वाटते.

बावीस टन लोखंड माझ्या अंगठ्याशी टांगलेलं.
रेडिओवर म्हणते, "वारा वाढलाय. थांबते."
धक्क्यावरचं निशाण काठीला चिकटून लोंबतंय.
मिरेक त्याच्याकडे बघत असणार.
"हो," तो म्हणतो, "फारच वाढलाय,"
आणि थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज येतो.

मंगळवारी वार्षिक तपासणी.
तिथली अक्षरं शहाण्यासारखी उभी राहतात,
शेवटची ओळसुद्धा मी घडाघडा वाचते.
डोळ्यांत तेल घालून बसते मी रोज,
पण हे डोळ्यांत नाहीच.

वीस मिनिटं. कधी बावीस.
दात सरकत सरकत कानामागे गेले.
सात आला. शून्य आला.
मिरेकची मिशी आली, चहात भिजलेली.
आता डोकं दुखेल.
दुखू दे.
दुखणं एका जागी राहतं.